पर्स बंद ठेव

अर्लीन टब्सच्या घरात ‘पर्स’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक पर्स खांद्याला अडकवून चर्चला न्यायची. दुसरी प्रत्येक मुलगी जन्माला येतानाच घेऊन येते, आणि तिच्याबद्दल एकच गोष्ट शिकवली जायची, ती म्हणजे तिच्याबद्दल बोलायचं नाही. ‘पर्स नीट धुतलीस ना?’ ‘पाय जवळ घेऊन बस, पर्स दिसतेय.’ आणि मुलगी बारा-तेराची झाली की दारात उभं राहून, बोट नाचवत, ‘पर्स बंद ठेव.’ झालं, संपलं शिक्षण. अर्लीनला तिच्या आईने एवढंच सांगितलं होतं, अर्लीनने रनीटाला एवढंच सांगितलं. आणि रनीटा, चांगली अडतीस वर्षांची बाई, पोरांनी भरलेली स्कूलबस चिंचोळ्या रस्त्यात एका हाताने वळवणारी, तिनेही आपल्या झकियाला याहून एक अक्षर जास्त सांगितलं नव्हतं.

दुसरा शब्द होता ‘चालू’. हा मात्र गावभर मोकाट फिरायचा. मोठ्या बायकांच्या गप्पांत मुलगी रेंगाळली की चालू. ओठाला जरा रंग लावला की चालू. पोटात दुखतंय म्हणाली की आधी चालू आणि मग पोट. जॉर्जियातल्या त्या टीचभर गावात काळ्या मुलीला चालू ठरायला काही करावं लागत नसे, नुसतं वाढावं लागे.

झकिया चौदा पूर्ण करून पंधराव्यात होती, आणि गेल्या शरदापासून तिचं पोट दुखत होतं. आधी महिन्यातून तीन-चार दिवस, मग आठवडाभर, मग रोजच. ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून भिंतीला टेकत घरात फिरायची. त्यात ते पोट वाढायला लागलं. चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मुली पांढरा ड्रेस आणि पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवतात. झकियाच्या ड्रेसचं कंबरेचं बटण लागेना. सिस्टर व्हर्नेल त्या मुलींची प्रमुख. तिने झकियाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाली, “बाळा, तू सध्या बसूनच राहा हं.” बस्स. दुपारच्या जेवणापर्यंत ही बातमी गावाच्या दोन्ही टोकांना पोचली.

त्या दिवशी अर्लीनचं जेवणावर लक्ष नव्हतं. ती चर्चमधली मदर अर्लीन, म्हणजे मानाच्या वडीलधाऱ्या बायकांपैकी एक, पुढच्या रांगेत बसणारी, पहिल्या रविवारी सगळ्या मदर्सनी नखशिखान्त पांढरं घालायचं हा नियम स्वतः राखणारी. तिनेच उन्हाळ्यापासून पांढरा स्कर्ट सोडून निळा घालायला सुरुवात केली होती. ‘कंबरेला घट्ट होतो,’ म्हणे. रनीटाला वाटायचं, आपल्याच हातच्या जेवणाने घरातल्या सगळ्यांची पोटं सुटली.

“किती दिवस झाकणार आहेस?” अर्लीनने मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता विचारलं.

“काय झाकायचंय, आई?”

“मी आयुष्यात पोटं कमी नाही पाहिली. ते पोट काही पावाने आलेलं नाही.”

“हॉस्पिटलवाल्यांनी टेस्ट केली. मीही दुकानातून आणून केली. काही नाहीये.”

“काडीला काय कळतंय?”

झकिया दारात उभी होती. “आजी, मी कुणाच्या जवळसुद्धा गेले नाही गं.”

“मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही. म्हणूनच लोक चालू म्हणतात.”

रनीटाच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती गप्प बसली. गप्प बसायला कारण होतं आणि ते तिचं तिलाच ठाऊक होतं. हॉस्पिटलात पहिल्या खेपेला त्यांनी तिला बाहेर काढलं आणि पोरीला विचारलं, बॉयफ्रेंड किती? एकही नाही म्हटल्यावर हसले. मग बद्धकोष्ठ आहे म्हणून पावडर दिली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तीच टेस्ट, आणि ‘खबरदारी म्हणून’ गोळ्या. गोळ्यांबरोबरचा कागद रनीटाने गाडीत वाचला, तर त्या गोळ्या पुरुषापासून होणाऱ्या आजारावरच्या. तिने आरशातून मागे बघितलं. मागच्या सीटवर झकिया गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. आणि रनीटाच्या मनात आलं, हिने खरंच काही केलं असेल तर? आलं, मनात आलं. आईच्या मनात आलं आणि पोरीने ते आरशात वाचलं. त्या दिवसापासून झकियाने घरात पोटाचं नाव काढलं नाही.

मंगळवारी दुपारी रनीटा रिकामी बस झाडत होती, तेवढ्यात शाळेतून फोन आला. झकियाला सकाळपासून लघवी झाली नाहीये, ती उठत नाहीये, येऊन घेऊन जा. रनीटाने झाडू तिथेच टाकला. पोरीला उचलून गाडीत घातलं. वाटेत घराशी थांबली, कारण अर्लीन हातात पर्स घेऊन पायरीवर तयार उभी होती. तिला शाळेतल्याच कुणीतरी आधी कळवलं होतं. या गावात डॉक्टर मिळत नाही, पण बातमी लगेच मिळते. गावातलं बायकांचं हॉस्पिटल कधीच बंद झालं होतं, आता शहर गाठायचं म्हणजे तासाभराचा रस्ता.

“इतके दिवस मला का नाही सांगितलंस?” रनीटा स्टिअरिंगवरून ओरडलीच. “मला नाही तर नाही, शाळेत तरी कुणाला सांगायचंस.”

“सांगितलं होतं,” झकिया मागून म्हणाली.

“कुणाला?”

“नर्सबाईला. नाताळाच्या आधी. त्या नव्या आल्यात ना, तिकडून उत्तरेकडून. मी म्हटलं, मॅम, माझ्या पर्सचं काहीतरी बिघडलंय.”

“मग?”

“मग त्या म्हणाल्या, अरेरे, हरवली का? आणि मला ऑफिसबाहेरच्या हरवल्या-सापडल्याच्या खोक्याकडे पाठवलं.”

रनीटाला आधी हसू फुटलं, आणि मग त्या हसण्याचीच तिला इतकी चीड आली की तिने स्टिअरिंगवर हात आपटला. “मग तू काय केलंस?”

“काय करणार? त्या दारातून बघत होत्या. मी थोडा वेळ खोक्यात शोधलं आणि वर्गात गेले.”

अर्लीन खिडकीबाहेर बघत होती.

शहरातल्या हॉस्पिटलात तोच पाढा. खुर्च्या, वाट, पडदा. नर्स आली, नाव-जन्मतारीख घेतली आणि लघवी होत नाही म्हणून आलेल्या पोरीच्या हातात लघवीचा कप दिला.

“तिला लघवीच होत नाहीये हो,” रनीटा म्हणाली.

“प्रेग्नन्सी टेस्टसाठी लागते, मॅम.”

“होत नाहीये म्हणूनच आलोय ना आम्ही.”

“थोडीशी चालेल.”

आता या बाईला काय म्हणावं? शेवटी रक्त काढलं. मग डॉक्टर आला, तरुण, दमलेला, डोळे कॉम्प्युटरवर. पोट वरवर दाबून बघितलं. झकिया कळवळली. “शेवटची पाळी कधी?” त्याने विचारलं.

झकियाने आजीकडे बघितलं. “गेल्या महिन्यात,” ती म्हणाली. प्रत्येक खेपेला हेच उत्तर.

“टेस्ट निगेटिव्ह आहे,” डॉक्टर म्हणाला, “पण कधीकधी लवकर कळत नाही. झकिया, तुझ्याशी एकटीशी बोललो तर तू मला खरं सांगशील का?”

आणि रनीटाचा बांध फुटला. इतके महिने ‘हो मॅम, नाही सर’ करणारी, आवाज चढवला तर हे लोक गार्ड बोलावतील म्हणून प्रत्येक शब्द तोलून बोलणारी रनीटा उभी राहिली. “खरंच सांगतेय ती. तुम्ही लोकांनी सगळं विचारून झालं. बॉयफ्रेंड विचारून झाले, दारू विचारून झाली. रक्त घेतलंत, लघवी मागितलीत. पण एकानं तरी, एकदा तरी, तिची पर्स बघितलीत का? आधी तिची पर्स बघा!”

नर्स आणि डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. नर्सचा आवाज एकदम मऊ झाला. “पर्समध्ये काही आहे का, मॅम?”

“असणारच ना काहीतरी! त्याशिवाय एवढं दुखतं का?”

“बरं. तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत.” नर्सने हातमोजे चढवले. मग खुर्चीवरची झकियाची जांभळी पर्स उचलली, चेन उघडली आणि ट्रेवर उपडी केली.

रनीटा बघतच राहिली. तिला क्षणभर काही कळेना, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. हिला वाटलं पोरीकडे ड्रग्ज आहेत. आई स्वतः तोंडाने सांगतेय आणि हिला ड्रग्ज ऐकू येतात. आणि तरी चूक कुणाची म्हणायची? आपल्याला तरी दुसरा कुठला शब्द येतो? तिने तोंड उघडलं, मिटलं. शब्दच नव्हता. अडतीस वर्षांत त्या जागेचं नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं, स्वतः बाळंत झाली तेव्हासुद्धा नाही.

ट्रेवर च्युइंगगम होतं, व्हॅसलीनची डबी होती, गुंतलेला इअरफोन, चर्चचे पांढरे हातमोजे. आणि सगळ्यात तळाचं पॅडचं एक पाकीट, सगळ्यात शेवटी पडलं.

रनीटाने ते ओळखलं. त्यावरची ती गुलाबी फुलं आता दुकानात दिसतही नाहीत. झकिया सहावीत गेली तेव्हा तिनेच ते पर्समध्ये कोंबलं होतं, एक शब्द न बोलता. पाकिटाचे कोपरे मळून काळे झाले होते. वरची चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी होती.

“हे उघडलंच नाहीस तू?”

“लागलंच नाही.”

“लागलं नाही म्हणजे? मोरीतली वापरत होतीस ना, माझी?”

झकियाने मान हलवली. ट्रेकडे बघत, अगदी हळू म्हणाली, “मला आलीच नाही, मम्मी. कधीच.”

“मग गेल्या महिन्यात, गेल्या महिन्यात, हे काय सांगत होतीस सगळ्यांना?”

“आली नाही म्हटलं असतं तर आजीने काय समजलं असतं?”

अर्लीन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, आपली काळी मोठी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. तिच्याकडे सगळ्यांनीच बघितलं. डॉक्टरने पहिल्यांदाच कॉम्प्युटरकडे पाठ केली. “कधीच नाही?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन उचलला.

वरच्या मजल्यावरून डॉक्टर लेथम आली. पन्नाशीची, काळी, आपल्यातलीच, केस बारीक कापलेले. तिने स्टूल ओढलं आणि आईशी नाही, आजीशी नाही, झकियाशी बोलायला लागली. दुखणं येऊन-जाऊन होतं का, दर महिन्याला साधारण त्याच सुमारास? हो मॅम. पाठ दुखते? हो मॅम. “मला तपासायला लागेल. फक्त बघणार आहे. नको वाटलं तर हात वर कर, मी लगेच थांबेन. चालेल?” इतक्या महिन्यांत त्या पोरीला कुणी ‘चालेल का’ असं विचारलं नव्हतं. झकियाने आईचा हात धरला आणि मान डोलावली.

सकाळी बस काढण्याआधी रनीटा आरसे नीट करते, तेवढाही वेळ लागला नाही.

मग पोटाची सोनोग्राफी झाली, आणि डॉक्टर लेथमने कागदावर चित्र काढून सांगितलं. योनीच्या तोंडाशी जन्मतः एक पातळ पडदा असतो. बाकीच्या मुलींच्या पडद्याला वाट असते, झकियाच्या पडद्याला ती नाहीच. पाळी तिला येत होती, केव्हापासून येत होती. बाहेर पडायला जागा नव्हती. सगळं आत साठत गेलं, ते पोट त्याचं, आणि आता त्याने लघवीची वाटही दाबली आहे. लघवी आत्ता नळी घालून काढू, उद्या सकाळी छोटी शस्त्रक्रिया करू, वाट मोकळी करू. पुढे मुलंबाळं, सगळं व्यवस्थित होईल. आणखी थांबला असतात तर मात्र अवघड होतं.

हे सगळं सांगताना ती तो शब्द असा वापरत होती, जसं कुणी कोपर म्हणावं, गुडघा म्हणावं. योनी. प्रत्येक वेळी अर्लीनच्या पापण्या लवत होत्या.

“बंद?” अर्लीनने शेवटी विचारलं. “म्हणजे बंदच?”

“जन्मापासून बंद, मॅम.”

डॉक्टर गेल्यावर रनीटा पडद्याबाहेर आली, पाठोपाठ अर्लीन. रनीटाला रडायचं होतं, पण आधी संताप बाहेर आला. “बंद ठेव, बंद ठेव. घे, आई. बंदच होती. जिला अख्खं गाव चालू म्हणत होतं, ती पोरगी जन्मापासून बंद होती. नुसतं बघायचं होतं. इतक्या डॉक्टरांपैकी कुणी बघितलं नाही, कारण त्यांना आधीच माहीत होतं काय असणार. तुलाही माहीत होतं. आणि मीसुद्धा तुमच्यातच.”

“हळू बोल,” अर्लीन म्हणाली. “लोक बघतायत.”

“बघू देत. निदान कुणीतरी बघतंय.”

सकाळी शस्त्रक्रिया झाली. दुपारपर्यंत झकिया उशीला टेकून जेली खात होती आणि मोबाईलवर बोटं चालवत होती, जणू काही झालंच नाही. कित्येक महिन्यांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती. संध्याकाळपर्यंत इथे आहे, काही वाटलं तर फोन करा, असं सांगून डॉक्टर लेथमने त्यांना सोडलं. जाताना झकियाचा हात दाबला. अर्लीनने डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण मग ‘देव तुमचं भलं करो’ एवढंच म्हणून ती लिफ्टकडे वळली.

गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच अर्लीनचा फोन वाजला. सिस्टर व्हर्नेल.

“हो गं, सुखरूप आहे,” अर्लीन म्हणाली. “देवाची कृपा. अपेंडिक्स होतं.”

रनीटाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. भुईमुगाच्या शेताशी, धुळीत, जोरात ब्रेक मारून थांबवली. “फोन दे.”

“रनीटा, तमाशा नको.”

“फोन दे, आई.” तिने तो काढूनच घेतला. “सिस्टर व्हर्नेल, रनीटा बोलतेय. अपेंडिक्स नव्हतं. झकियाच्या योनीला जन्मतः वाट नव्हती. पाळी आत साठत होती, म्हणून पोट वाढलं. हो, योनी. योनीच म्हणाले मी. तुम्ही तिला पोटुशी समजून खाली बसवलंत. येत्या पहिल्या रविवारी ती उभी राहणार आहे, आणि ज्यांना ज्यांना तुम्ही आधीची बातमी सांगितलीत त्यांना ही पण सांगा.”

मग व्हर्नेलचा बारीक आवाज आला, “अगं बाई, फोनवर असे शब्द!” आणि फोन बंद झाला.

मागच्या सीटवर झकियाला हसू आवरेना. टाके दुखत असतानाही पोट धरून ती हसत राहिली. रनीटाने गाडी पुन्हा रस्त्याला घेतली. तिला मात्र हसू येत नव्हतं. एवढं सगळं झालं आणि त्या बाईला अजून शब्दाचीच लाज. पोरीला जे केलं त्याची नाही, शब्दाची. रविवारी व्हर्नेल सगळ्यांना सांगेल की रनीटाचं डोकं फिरलंय, आणि पुढच्या कुठल्यातरी पोरीला कुठल्यातरी खोक्याकडे पाठवलं जाईल.

भुईमुगाची शेतं मागे पडली. मग अर्लीन समोर बघतच म्हणाली, “झकिया, तो शब्द काय गं?”

“कशाला? अपेंडिक्स म्हण की.”

“सांग म्हणते ना.”

“योनी.”

अर्लीनचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. “त्या डॉक्टरीणबाईंना पर्स म्हटलं तर कळणार नाही ना?” तिने विचारलं. “त्यासुद्धा आपल्यातल्याच आहेत, पण शिकलेल्या.”

“तुला काय सांगायचंय त्यांना?” रनीटाने विचारलं.

“काही नाही. तू पुढे बघ.”

“आई.”

अर्लीनने पर्सचं बक्कल उघडलं, बंद केलं. “उन्हाळ्यापासून डाग पडतात. माझी पाळी जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता कुठून यायचं? म्हटलं, थांबेल आपोआप. या वयात कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारी पण चालू.”

रनीटाला निळा स्कर्ट आठवला. पहिल्या रविवारी सगळ्या पांढऱ्या मदर्सच्या रांगेत तो एकटा निळा स्कर्ट. अख्ख्या चर्चने तो बघितला होता, तिनेही बघितला होता, आणि वर स्वतःच्या जेवणाला दोष देऊन मोकळी झाली होती. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर थांबायचं नसतं, एवढं तिलाही माहीत होतं. मग राग आला, आईचा, स्वतःचा, सगळ्यांचा, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिने इंडिकेटर लावला.

“कुठे चाललीस?” अर्लीन म्हणाली.

“परत. त्या संध्याकाळपर्यंत आहेत.”

“आज नको. घरी चिकन कालपासून भिजत पडलंय. पोरगी दमलीय.”

“पोरगी ठीक आहे,” झकिया मागून म्हणाली. ती पुढे वाकली आणि आजीच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली. “आजी, त्या विचारतील कुठून रक्त जातं. तेव्हा काय सांगशील? म्हण.”

गाडी वळली. अर्लीनने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“यो,” ती म्हणाली, आणि थांबली.

“पुढे,” झकिया म्हणाली.